बाबांच्या नावाचं क्रीडागृह

विद्यापीठाच्या नव्या क्रीडागृहाच्या उद्घाटनाला रांग लागली होती. पहिल्या सामन्याच्या पंचबाई चेंडूंची पिशवी सांभाळत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ.

“ताई, बाबांचं नाव बघ, केवढं मोठं लिहिलंय!”

“आयुष्यात कधी धावले होते का रे ते?”

“एकदाच. तू बास्केटबॉल खेळताना सापडलीस, तेव्हा तुझ्यामागे.”

“आणि धाप लागून मटकन बसले! मग घरी येऊन माझे बूट चुलीत घातले.”

“अजून राग आहे?”

“आत मैदानाच्या मधोमध त्यांचं नाव रंगवलंय म्हणे. त्यावर उभी राहून चेंडू टाकणार आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, पोरीनं घराण्याचं नाव काढलं!”

पंचबाईंनी पिशवीत हात घातला.

“आजी, हा घ्या. हवा नीट भरलीये.”