उशाकडचा डब्बा

— नाई नाई केवळराम भाऊ, सोफ्याच्या मागं कायले? सोफ्यावर बसते कोन? मी स्वयंपाकघरात असते, आन् मालकाले लकवा झाल्यापासून पाहुन्यायचं येनं बंदच झालं. खाटेकडं पाहा तुम्ही. आवाज खाटेवर आला पायजे. समोरचे दोन स्पीकरचे डब्बे टीव्हीच्या इकडून तिकडून लागले, बरे दिसून राह्यले — आता मागचे दोन. तुम्ही म्हनता बसनाऱ्याच्या मागं, उंचावर लावू. बरोबर असन, चंद्रपुरात तुम्ही डॉक्टराच्या घरी बसवले, वकिलाच्या घरी बसवले, पन ते लोकं बसून पाहतेत न. आमचे मालक निजून हायेत. उंचावरचा आवाज त डोक्यावरून जाईन. खाली घ्या. तो स्टूल सरकवा, औषधाच्या बाटल्या खाली ठेवा, चालते — हो, एक डब्बा अस्सा उशाशी, डोक्याच्या मागं. त्याईले मान वळवता येत नाई, म्हून मागं. दुसरा कानाजवळ.

या बाजूनं बोला भाऊ, डाव्या कानानं मले ऐकू येत नाई. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेला तो. गेला म्हंजे — भात जरासा जळला होता. जाऊ द्या. मले चार डब्बे काय आन् एक काय, सारखंच. हे सगळं त्याईच्यासाठी. डॉक्टर म्हने, जीभ गेली, हातपाय गेले, पन कान शाबूत हायेत आन् समजते सगळं, एकटं वाटू देऊ नका. म्हून कलर टीव्ही घेतला, व्हीसीआर घेतला, हे डब्बे नागपूरवरून आनवले. आख्ख्या मूल गावात कोनाकडं हाय असं? राइस मिल आता मीच पाहते, मले कोन अडवते. बायनाबाई, आमची शेजारीन, ते त म्हनते, इंदिराबाई, नवऱ्याची सेवा करावी त तुमच्यासारखी.

बायनाबाईले आमचं पयलेपासून कौतुक. मालकाले गान्याचा नाद मोठा. याच खोलीत त्याईचा रेकॉर्ड प्लेअर होता, डब्बा त्याचा कपाटायेवढा. दुपारी मिलमधून आले का दार लावत, मंग रेकॉर्ड लावत, बटन शेवटपर्यंत फिरवत. मंग कमरेचा पट्टा काढत. — गल्लीत आवाज जाये तो गान्याचा. बायनाबाई म्हने, तुमच्या घरी बाप्पा रोजच लग्नघर, आमचा मानूस नुसता बिडी फुकत बसते. मी हासो. ओठ सुजला असला त पदर धरून हासो.

वायर खाटेखालून घ्या. लाथ लागाची भीती नाई आता.

एक पोरगी होती आम्हाले. गुलाब. तुम्ही आत्ता हात धुवाले गेल्ते न मागं, त्या विहिरीवर जाळी पाहिली असन. तवा नव्हती. उन्हाळ्याची दुपार, शाळेत नाव टाकाचं होतं तिचं त्या वर्षी. दार लागलं, गानं लागलं, आन् पोरगी मागं पळाली — नेहमीच पळे. काठावर काऊन चढली, कोन सांगन? भिंतीपल्याडच्या बायनाबाईले बोलवाले चढली असन, असं मले वाटते. वाटते आपलं. विहिरीत पानी जास्त नव्हतं भाऊ. दगडाच्या सांदीत तिच्या नखायचे तुकडे होते. म्हंजे धरून होती. म्हंजे हाका मारल्या का नाई? मारल्याच असतीन. मले आल्या नाई ऐकू. मालकाले आल्या नाई. बायनाबाई पलीकडं तांदूळ निवडत होती, ते म्हने, मले त गानंच ऐकू आलं बाई, लय मोठ्यानं लावलं होतं. मालक रडले, लोकायनं धरलं त्याईले. तेरवी झाली आन् नवीन रेकॉर्ड आनली.

काऊन थांबले? स्क्रूचा पेचकस पडला तुमचा, तो पाहा खाटेखाली.

ते? काई नाई ते. ऊं ऊं करतेत दुपारी. पानी मांगत असतीन. सकाळी पाजते मी, संध्याकाळी पाजते. मधात मी मागं विहिरीच्या काठावर बसते. पयले साधा टेप लावून पाहिला उशाशी — त्याच्यावरून बी ऐकू येये हो त्याईची हाक, बारीक, पन येये. या एका कानानं बी येये. मंग उठा लागे. दोन-चारदा उठली मी, पाजलं पानी. मंग स्वतःचाच राग आला, दिवसभर आला. म्हून हे चार.

तांब्या ठेवा खाली. भाऊ, तांब्या ठेवा म्हनते मी. तुमचं काम डब्ब्याचं. मले शिकवू नका, पाप काय आन् काय नाई — हे कोनी त्या दुपारी दारावर थाप मारून सांगतलं असतं त ऐकलं असतं मी. गल्ली भरून मानसं होते तवा. सगळे गानं ऐकत होते.

कॅसेट कोनतीबी टाका. मारामारीची टाका, आवाज मोठा असते. आता फिरवा बटन. अजून. अजून, भाऊ, अर्ध्यावर कायले थांबता.

हां. आता त्याईचं तोंड हालून राह्यलं, पाहा, आन् आवाज नाई.

झालं तुमचं. थैली उचला, एसटी चुकन. त्याईच्याकडं पाहू नका — जा.