धनुष्याची जमीन

(रविवार, दुपार. सिंगापूर, तोआ पायोह; नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक विश्वास, त्यांची पत्नी निहारिका आणि सतरा वर्षांचा मुलगा अमेय जेवणाच्या टेबलाशी.)

विश्वास : …तेव्हा इराणच्या हखामनी सम्राटांच्या पायदळाचा पाया म्हणजे दहा जणांची तुकडी, हे आधी मान्य कर. पुढे एक जण, वेत आणि चामड्याची पुरुषभर उंच ढाल रोवून. मागे नऊ धनुर्धर.

अमेय : त्या नऊ जणांकडे ढाल?

विश्वास : नव्हती.

अमेय : मग पुढचा पडला की फिनिश, लाह.

विश्वास : ‘लाह’ हे सिंगापुरी शेपूट वगळता विधान बरोबर आहे.

निहारिका : विश्वास, पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेशाची मुदत उद्या संपतेय. त्याने पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, सोडून तिकडे जायचं, की इथे राहून दोन वर्षं सैन्यात, एवढंच आज ठरवायचंय. तू इराणात काय फिरतोयस?

विश्वास : मी विषयावरच आहे. ते साम्राज्य अनेक राष्ट्रांचं होतं. मीड होते, कुऱ्हाडी घेतलेले शक होते. आपल्याकडचेही होते, सुती वस्त्रांत, वेताची धनुष्यं घेऊन. परक्यांना सैन्यात बोलावणं ही काही सिंगापूरने काढलेली टूम नव्हे.

अमेय : ते का जायचे? पगार?

विश्वास : बाबिलोनात जमीन मिळे. तिचं नावच ‘धनुष्याची जमीन’. कुटुंबाने ती कसायची आणि सम्राटाची हाक आली की घरातून एक धनुर्धर द्यायचा.

अमेय : जमीन कोण घ्यायचं?

विश्वास : कुटुंबप्रमुख.

अमेय : आणि लढायला कोण जायचं?

विश्वास : त्याबाबतचा पुरावा… एकसारखा नाही.

निहारिका : अडली प्राध्यापकांची गाडी!

विश्वास : निहारिका, आपण इथे कायम राहण्याची परवानगी घेतली तेव्हा हा चार वर्षांचा होता. शाळा, फ्लॅट, तुझी नोकरी, सगळ्याचा विचार केला होता. मोठा झाला की मुलाने दोन वर्षं सैन्यात जायचं, ही अट आपल्याला ठाऊक होती. तुलाही.

निहारिका : होती. वाटलं, तोवर काहीतरी बदलेल.

अमेय : आई, मला बंदुकीची भीती नाही वाटत. माझे सगळे फ्रेंड्स जाणारच आहेत.

निहारिका : मग अडतंय कुठे?

अमेय : पुण्यात मी पाहुणा. मराठीत मला जेवण मागता येतं, भांडता येत नाही. आणि उद्या इथे परत जॉब मागितला, तर विचारणार, तेव्हा का पळालास? दोन्हीकडे कॅनॉट.

विश्वास : म्हणूनच मी म्हणतो, निर्णय सर्वस्वी तुझा. माझं कुठलंही दडपण—

निहारिका : दडपण नाही? रोज पहाटे त्याला पळायला कोण उठवतं?

विश्वास : पळणं प्रकृतीला हितकारक असतं.

अमेय : बाबा, आपण तिघंही पुण्याला गेलो तर?

निहारिका : जाऊ या की! मी शोधीन काहीतरी. माझा भाऊ आहे तिथे.

विश्वास : आणि मी? बावन्नाव्या वर्षी हखामनी पायदळाचा अभ्यासक कोणाला हवाय? मंडईत जाऊन दहांची तुकडी उभी करू?

निहारिका : विनोद नकोय मला.

विश्वास : मलाही नकोय. मला तिथे काम नाही, निहारिका. मी चौकशी केली. दोनदा.

निहारिका : हे मला आत्ता सांगतोयस?

अमेय : आई, तुझ्या फोनवरची ती कॉलेजची साइट बंद कर.

निहारिका : अमू, उद्याचा दिवस आहे अजून.

अमेय : बंद कर. मी जातो सैन्यात.

विश्वास : शाबास. सर्व बाजू तपासून, स्वतंत्र बुद्धीने घेतलेला—

अमेय : नाही बाबा. मी जाईन, सगळं नीट करीन. पण ते मी ठरवलं, असं कुणाला सांगू नकोस.