बावीसपैकी नऊ

—नाही, बसू नका मॅडम, उभ्याच राहा. बसलात की हा पदवीदानाचा झगा वर चढतो आणि मग खालची कड कुठे धरायची ते मला कळत नाही. समोर बघा. आरशात माझ्याकडे नको—समोर, भिंतीकडे. हां. तर मघाशी तुम्ही विचारत होतात ना, त्या टांगलेल्या कोटाची काजं इतकी सुबक कोण करतं—माझी मुलगी करते. मी नाही. पंचवीस वर्षं शिवतेय मी, पण असं काज मला कधी जमलं नाही, खोटं कशाला बोलू. तिचा हात जरा म्हणून हलत नाही. आणि तो हात शिवणाचा नाहीच मुळी, तो प्रयोगशाळेतला हात आहे—काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि पाणी ज्या थेंबाला गुलाबी होतं नेमक्या त्याच थेंबाला तोटी बंद करायची, असं असतं ना काहीतरी? तुम्हाला माहीत असणार, तुमचाच विषय तो. मला कसं कळलं? कळलं. सांगते ना. घाई आहे का तुम्हाला? घाई असली तरी आता टाचण्या अर्ध्या लागल्यात, अशा तर काही तुम्ही रस्त्यावर जाणार नाही.

रसायनशास्त्र घेतलं होतं तिने. इथे नाही, लांब—सात तास बस, छोटं कॉलेज, दोन खोल्यांची प्रयोगशाळा, पण तिथले सर चांगले. म्हातारे, तिरसट, पण पोरांवर जीव. दोन वर्षं केली तिने तिथे. चार सत्रं, बावीस पेपर, एकातही नापास नाही. तिचे बाबा गेले तेव्हा ती सातवीत होती, तेव्हापासून या दुकानातच अभ्यास करून वाढली, या कापायच्या टेबलाच्या त्या टोकाला—इकडे माझं कापड, तिकडे तिची वही, मध्ये खडूची रेघ मारलेली, ती ओलांडायची नाही कुणी. तर ती तिसऱ्या वर्षाला जाणार, एवढ्यात मी पडले. दाराची ती पायरी आहे ना, तिच्यावरून, हातात कापडाचा तागा. मनगट मोडलं. उजवं. आता जिचं पोट कात्रीवर आहे तिचं उजवं मनगट मोडलं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मी फोन केला, म्हटलं, ये. ती आली. म्हणाली, आई, काळजी करू नकोस, मी इथल्या विद्यापीठात बदली करून घेते, आता क्रेडिट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येतात, जेवढं शिकले तेवढं माझ्या नावावर जमा आहे. मी म्हटलं, म्हणजे दोन वर्षं काय पिशवीत घालून आणणार का तू? हसली. म्हणाली, तसंच समज.

हात जरा वर घ्या. बाही लांब आहे तुमची, दोन बोटं घेते आत. तर आणली तिने पिशवी—आणि तुमच्या विद्यापीठातल्या लोकांनी काय केलं माहितीये? एका खिडकीने सांगितलं मूळ गुणपत्रिका आणा, दुसरीने सांगितलं मूळ नको, प्रती आणा, तिसरीवरचा माणूस जेवायला गेला तो चार दिवस जेवतच होता. तिथून कागद गेले समितीकडे. समकक्षता समिती, म्हणजे तिकडचे पेपर इकडच्या बरोबरीचे धरायचे का ते ठरवणारी. मला तो शब्द उच्चारायलाच आठवडा लागला. आणि दोन महिन्यांनी निकाल—बावीसपैकी नऊ. बावीस पेपर उत्तीर्ण झालेल्या मुलीला तुम्ही सांगितलंत की तुला नऊच येतात. उरलेले तेरा कुठे गेले? हवेत. 'अभ्यासक्रमाचा तपशील उपलब्ध नसल्याने समकक्षता ठरवता येत नाही.' पाठ आहे मला, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. तिला बसवलं पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, दोन-दोन वर्षांनी लहान पोरांच्यात. आता मला सांगा मॅडम—माझ्याकडे कुणी दुसऱ्याने शिवलेला कोट आणला, तर मी काय करते? उलटा करते. शिवण बघते, अस्तर बघते, खांद्यात ओढून बघते. चांगला असेल तर चांगला म्हणते आणि पुढचं काम करते. मी त्या गिऱ्हाइकाला असं म्हणते का, की हा कोट मी शिवलेला नाही म्हणून हा कोटच नाही, जा, नवं कापड घेऊन या? दुकान चाललं असतं का माझं? तुमचं मात्र चालतं.

तरी गेली ती. मी म्हटलं, नको जाऊस, पण गेली, वर्षभर गेली. आणि एक दिवस काय झालं—प्रयोगशाळेतला मदतनीस रजेवर, वर्गात तीस पोरं, आणि तुमच्याकडचे सर तिला म्हणाले, अगं, तुला येतं ना हे, तू दाखव यांना. दाखवलं तिने. तीसच्या तीस पोरांना, एकेकाच्या शेजारी उभं राहून, तोटी कशी धरायची, डोळा कुठे ठेवायचा. आणि कागदोपत्री तो प्रयोग तिला येत नव्हता. कळतंय ना तुम्हाला? जे तिला येत नाही असं तुम्ही लिहून दिलंत, तेच तिच्याकडून शिकवून घेतलंत. घरी येऊन हसत हसत सांगितलं तिने मला. मग ताट समोर घेऊन बसली आणि तशीच उठली. त्यानंतर जेमतेम परीक्षा दिली आणि म्हणाली, आई, आता पुरे, मला काज शिकव. मी शिकवलं. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. आणि आता ती तीसही पोरं पदवी घ्यायला निघालीत—त्यातली अकरा जण या आठवड्यात या दुकानात येऊन गेली, तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच उभी राहिली, आणि माझी मुलगी त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसून त्यांच्या झग्यांना टाचण्या लावत होती. एक मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून मी त्या वर्षी प्रात्यक्षिकात पास झाले. आपुलकीनेच म्हणाली बिचारी. माझ्या पोरीच्या तोंडात टाचण्या होत्या, तिने नुसती मान हलवली. त्या दिवशी मला वाटलं की—जाऊ दे काय वाटलं ते.

हलू नका. पोटरीशी टोचेल. आता सांगते कसं कळलं. तुम्ही हा झगा ठेवून गेलात तेव्हा चिठ्ठीवर सही केलीत. पहिलं अक्षर माशाच्या गळासारखं आणि खाली लांबलचक शेपूट. मी ती सही तीन वर्षं बघतेय, मॅडम. त्या निकालाच्या पत्राखाली तीच सही आहे, 'अध्यक्ष' असं लिहिलंय त्याच्यावर. आठ दिवस तुमचा झगा त्या खुंटीवर होता आणि मी त्याला हात लावला नाही. म्हटलं परत पाठवावा, म्हणावं आम्हाला जमत नाही. मग म्हटलं, नाही, येऊ दे. उभी राहू दे समोर. एकदा तरी विचारीन.

काय? नाही, मला नका सांगू समितीत पाच जण होते ते. पाच जणांची सही नाहीये, एकीची आहे. आणि तुम्हाला आठवत नसेल हेही मी धरूनच चालले होते—वर्षाला पाचशे कागद येतात म्हणता, येत असतील, मला काय त्याचं. माझ्याकडे एकच आला होता. ...कसलं पत्र? नाही. आम्हाला काही पत्रबित्र आलं नाही. तुमची पद्धत असेल तशी, कुणाचाही अर्ज नाकारण्याआधी तपशील मागवत असाल तुम्ही, पण आम्हाला नाही आलं. आणि आलं असतं तरी असल्या पत्राने काय होणार होतं—दोन ओळी, 'आधीच्या महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी सविस्तर अभ्यासक्रम एकवीस दिवसांत सादर करावा', ना कुणाचं नाव, ना फोन, हे काय माणसाला लिहिलेलं पत्र झालं?

...बघू नका माझ्याकडे असं. समोर बघायला सांगितलंय ना.

आलं होतं. ठीक आहे, आलं होतं. दुकानाच्या पत्त्यावर. दुपारची वेळ, ती टेबलापाशी एक कोट कापत होती—पहिलाच, स्वतः मापं घेऊन, स्वतः आखून—आणि पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी उघडलं. तिचं नाव होतं वर, तरी उघडलं. वाचलं आणि त्या बटणांच्या खणात ठेवलं. विसरले मी. कामाचे दिवस होते, हात प्लास्टरमध्ये, माणूस विसरतो. —नाही. प्लास्टर नव्हतं. प्लास्टर निघून महिना झाला होता. बोटं चालत होती, कात्री चालत होती, आता चालतेय तशीच. तिला मी सांगितलं नव्हतं किती चालते ते. ती होती ना घरात, सकाळी मशीनला तेल घालायची, संध्याकाळी आम्ही दोघी मिळून दुकान बंद करायचो, आठ वर्षं मी एकटीने बंद केलं होतं. आणि तो शिक्का आणायचा म्हणजे तिला तिकडे जावं लागलं असतं. सात तास बस. ते म्हातारे सर तिला आधीच म्हणाले होते की तू इथेच परत ये, तुझी राहायची सोय मी बघतो. गेली असती तर ती परत आली नसती हो. मला ठाऊक होतं. म्हणून ठेवलं. एकवीस दिवस मोजले मी, मॅडम. रोज वाटायचं आज सांगू. बाविसाव्या दिवशी बरं वाटलं, हेही सांगून टाकते आता, एवढं सांगितलं तर. मला वाटलं एखाद-दुसरा पेपर राहील, परत देईल, हुशार आहे. तेरा जातील असं मला कोण सांगणार होतं? आणि गेल्यावर मी तुमच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले घरात, शेजाऱ्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, की हळूहळू मलाच वाटायला लागलं की पत्र आलंच नव्हतं.

पण तुम्ही सुटलात असं समजू नका. मी एक कागद दडवला, कबूल. मी आठवी शिकलेली बाई आहे आणि मी तिची आई आहे, माझ्याकडे कारण होतं, वाईट का असेना. तुमच्याकडे काय कारण होतं? एका पत्राला उत्तर आलं नाही, तर दुसरं पाठवता आलं नसतं? त्या कॉलेजला फोन करता आला नसता? ती मुलगी रोज तुमच्या त्याच इमारतीत येत होती, जिन्यात तुमच्या बाजूने गेली असेल, तिला बोलावून विचारता आलं नसतं की बाई गं, तुला हे येतं का? एका खोलीतल्या तीस पोरांना माहीत होतं तिला येतं ते. तुम्हाला कागद हवा होता.

काय म्हणालात? ...क्रेडिट सात वर्षं टिकतात? म्हणजे ते तेरा अजून आहेत? पुसलेले नाहीत? परत अर्ज करता येतो, त्या शिक्क्यानिशी, आणि तुम्ही—थांबा, नीट सांगा—पहिल्या सत्रापासून सात. पाच झाली. दोन उरलीत. दोन वर्षांत होतं तिचं पुढचं सगळं. हे कुठे लिहिलंय? नियमात लिहिलंय. नियमात. मग त्या नकाराच्या पत्रात ती एक ओळ लिहायला तुम्हाला काय झालं होतं? एक ओळ. ते पत्र तर मी दडवलं नव्हतं ना. ते तिने स्वतः वाचलं, शंभरदा वाचलं, घडीवर फाटलंय ते आता. त्यात ही ओळ असती तर ती दोन वर्षं इथे काजं करत बसली नसती, मी कितीही कागद दडवले असते तरी.

नको. पाणी नको मला. तुम्ही काही करू नका, उभ्या राहा. झालंच आहे, मागची कड तेवढी राहिली. ...नाही, तुम्ही तिला काही सांगायचं नाही. तुमच्या ऑफिसात तिला बोलावून तुम्ही गोडीगुलाबीने सांगणार की चूक आईची होती, आणि मग ती तिथल्या खुर्चीवर बसून ते ऐकणार? नाही चालायचं. मीच सांगेन. आज. अस्तराचं कापड आणायला गेलीये ती, पाचपर्यंत येईल. काय होईल ते होईल, बोलणार नाही माझ्याशी, निघून जाईल, आजच्या रात्रीच्या बसनेसुद्धा जाईल, तिचा स्वभाव मला माहीत आहे. जाऊ दे. पण माझ्या तोंडून ऐकून जाऊ दे.

उतरवा झगा. सावकाश, टाचण्या आहेत. तो पडदा आहे तिकडे. गुरुवारी माणूस पाठवा न्यायला, तुम्ही स्वतः येऊ नका. आणि परवा तिचा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर या वेळेला नाव वाचा आधी, नुसती सही करू नका.

पावणेपाच झाले. निघा आता, मॅडम. तिच्यासमोर तुम्ही इथे नको आहात मला.