मी तर जव्हारला होतो

आलं! आलं परत गाठोडं! अहो बघताय काय, धरा जरा हे टोक, कंडक्टर टाकून निघूनसुद्धा गेला, वर म्हणतो, "गौतमभाऊ, मोखाड्याचं पार्सल, आज जड आहे हां." जड! त्याला काय माहीत ते कशानं जड आहे... बसा, बसा, तुमची नाशिक गाडी काय एवढ्यात लागत नाही, या जव्हार डेपोत एसटीची वाट बघण्यात माझी निम्मी हयात गेली. हे बघा, काकड्या. हातभर एकेक. मागल्या महिन्यात करटोली, त्याआधी वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब हो, त्याआधी अख्खा फणस. घरी आमची निशा म्हणते, "कोण हो हा मंगळू? सख्खा भाऊ एवढं पाठवत नाही." आणि माझा घास, तुम्हाला सांगतो, इथं, बरोब्बर इथं अडकतो. दोन वर्षं झाली. कारण या मंगळूची नोकरी मी घालवली होती. आणि घालवली तेव्हा मी मोखाड्यात नव्हतोच की हो. मी तर जव्हारला होतो!

नाही समजलं? मलाही आधी नव्हतं समजलं. आमची एक संस्था आहे, नाव कशाला घ्या, मुलांची वसतिगृहं चालवते. ऑफिस इथं जव्हारला, मी तिथला कॉम्प्युटरवाला कारकून, आणि सर्व्हर मात्र मोखाड्याला. का? तर तिथं एक खोली रिकामी होती. आधी तांदूळ ठेवायचे तिच्यात. त्या सर्व्हरच्या पोटात अकराशे मुलांची नावं, जन्मतारखा, दाखले, सगळं. हर्षाली म्हणून टायपिंगची मुलगी आहे तिकडे, तिनं दोन पावसाळे बसून एकेक नाव घातलेलं. आणि खोलीचा राखणदार मंगळू. झाडू मारणं, उंदीर हाकलणं, पंखा चालू ठेवणं, हे त्याचं काम. पण माणूस असा की त्या सर्व्हरच्या डब्याकडे पाठ करून बसायचा नाही. म्हणायचा, "तो रातदिस जागा रहते, त्याच्याकडं पाठ कशी करू?"

आता त्या सर्व्हरला जरा काही झालं की मी एसटीत बसायचं, घाट उतरायचा, घाट चढायचा, आणि मोखाड्याला जाऊन काय करायचं, तर एक बटण दाबायचं. मग ठाण्याहून एक इंजिनिअर आला, सर्व्हरमध्ये एक कार्ड बसवलं आणि मला म्हणाला, "गौतमजी, अब आप जव्हार में ही बैठ के सब करो." आणि खरंच हो! मी इथं माऊस हलवला की तिकडे बाण हलायचा. इथून बंद, इथून चालू. पहिल्या दिवशी मंगळूचा फोन, "भावसाहेब, आत कोन शिरलाय? बाण एकटाच चालतो." मी म्हटलं, "मीच तो." नंतर हर्षालीनं सांगितलं, त्यानं हात जोडले होते.

आणि त्याहून कहर तो आभासी ड्राइव्ह. म्हणजे काय, माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा, तो इथून जोडला की मोखाड्याच्या सर्व्हरला वाटायचं, हा कप्पा माझाच. सीडी फिरते जव्हारला आणि तिकडे हे येडं म्हणतंय माझ्या पोटात सीडी आहे! आणि चालू होताना आधी तीच वाचायला घ्यायचं. मला तर काय, माज चढला. ऑफिसात कोणी आलं की दाखवायचो, बघा, हात इथं, काम तिथं. आपल्या हाताची लांबी कळली की माणसाचं डोकं आखूड होतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी मी कप्पा जोडला, दुरुस्तीची सीडी घातली, काम झालं, आता सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा एवढंच राहिलं. तेवढ्यात साहेबांनी चहाला बोलावलं. चहा प्यायलो. आलो. ऑफिसात एक नवीन कॉम्प्युटर आलेला, त्याच्यासाठी ठाण्याची दुसरी सीडी होती, कोरं करून नव्यानं भरणारी, काही विचारत नाही, सरळ पुसायलाच घेते. म्हटलं आधी तिची एक कॉपी काढून ठेवू. म्हणून ती घातली. कुठं? अहो, त्याच कप्प्यात! कप्पा माझ्या पायाशी आहे, मला माझाच वाटला. तो सकाळपासून मोखाड्याला जोडलेला आहे हे... गेलं डोक्यातून. आणि मग आठवलं, अरे, सर्व्हर बंद करून चालू करायचा राहिला. केला.

आणि तुम्हाला सांगतो, मी बघत होतो! पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकतेय, सरकतेय, आणि मी मनात म्हणतोय, वा, काय झकास दुरुस्ती चाललीय. अकराशे पोरं डोळ्यांदेखत पुसली जाताहेत आणि मी पानाला चुना लावतोय.

चार वाजता मंगळूचा फोन. "भावसाहेब, हर्षालीबाई रडते. म्हनते पोरांची नावा गेली. कुठं गेली असतील?" मी खाली कप्पा उघडला. सीडी बघितली. ती पुसणारी. आणि बॅकअप? घेतला होता ना, दर शनिवारी न चुकता घेत होतो... त्याच सर्व्हरवर. हसा, हसा.

साहेब त्याच संध्याकाळी जीप काढून मोखाड्याला. आमच्या साहेबांची बोलायची एक पद्धत आहे, "गौतम, यंत्र आपोआप बिघडत नाही, लक्षात येतंय ना? जवळ कोण होतं, ते बघायचं, लक्षात येतंय ना?" जवळ कोण होतं? मंगळू. आणि सर्व्हरच्या जाळीत काय सापडलं? भाताची लोंबी! त्या दिवशी मंगळूच्या घरी नवं होतं. आपल्याकडे नाही का, नवं भात आलं की आधी देवाला, मग औताला, मग धान्याच्या कणगीला दाखवायचं, आणि नंतर आपण खायचं. जे जे घराला पोसतं त्याला पहिला मान. याला पगार त्या डब्यापायी मिळतो, म्हणून यानं एक लोंबी तिथं खोचली. झालं की! मंगळू स्वतःच म्हणाला, "माजाच चुकला साहेब. मी त्याला नवा दाखवला, त्याला नाय मानवला." साहेबांनी मला फोन लावला, "गौतम, लोंबीनं असं होऊ शकतं का?"

आता इथं तोंड उघडायचं ना मी? सांगायचं ना, की नाही साहेब, लोंबीनं काही होत नाही, मीच पुसलं? मी काय म्हणालो माहितीये? "मी काय सांगू साहेब... मी तर जव्हारला होतो."

खोटं बोललो का? नाही! शब्द न् शब्द खरा. आणि त्या खऱ्या शब्दावर मंगळूला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याची बायको कमू त्याच्यासोबत वीटभट्टीवर जायला निघाली, भिवंडीकडे, शाळेतली पोरगी बरोबर घेऊन. पोरगी आमच्याच वसतिगृहातली. भागी नाव तिचं. मला कसं माहीत? अहो, जुन्या रजिस्टरांवरून ती अकराशे नावं परत भरायला मीच बसलो होतो ना. प्रायश्चित्त म्हणा. भागी आली आणि पुढे वडिलांचं नाव आलं मंगळू, आणि माझं बोट काही उठेना.

आठव्या दिवशी गेलो साहेबांकडे. म्हटलं, साहेब, ते मी केलं. इथून. सीडीचा कप्पा, आभासी ड्राइव्ह, सगळं सांगितलं, सीडीसुद्धा समोर ठेवली. साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले झाले हो! म्हणाले, "गौतम, गरिबासाठी स्वतःवर घेताय. पण त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर चहा पीत होतात. हजेरीपटावर तुमची सही जव्हारची. मोखाड्याची सीडी जव्हारला कशी असेल, लक्षात येतंय ना?" मी म्हटलं, "साहेब, तेच तर!" म्हणाले, "बस. तुमच्या शब्दाखातर त्याला परत घेतो." आणि पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या मोठ्या मनावर दहा मिनिटं भाषण.

मग मी मोखाड्याला गेलो. एसटीनं. मंगळूसमोर बसलो आणि म्हटलं, "मंगळू, तुझी काही चूक नाही, हे पाप माझं आहे." त्यानं ऐकलं, सगळं ऐकलं, आणि लहान मुलाला समजावतात तसा माझा हात धरून म्हणाला, "भावसाहेब, माज्यासाठी किती खोटा बोलाल? तुमी तर जव्हारला होता."

तेव्हापासून हे गाठोडं. नको म्हटलं तर दुप्पट येतं. थांबा, आज खाली काय आहे आणखी... पळसाचं पान. आणि आत... अरे देवा.

लोंबी आहे. नवी. बरोबर चिठ्ठी, भागीनं लिहिलेली, अक्षर बघा काय सुरेख आहे: "बाबा सांगतात, काल घरी नवं केलं. देवाला दाखवलं, औताला दाखवलं, कणगीला दाखवलं. डब्याला चालत नाही, म्हणून त्याची लोंबी तुम्हाला पाठवली."

बघा आता. देव, औत, कणगी, आणि चौथा मी.

लागली तुमची गाडी. जा. एक काकडी तरी घेऊन जा हो, मला गिळवत नाही. आणि गाडीत कोणी विचारलं, कुठल्या चांगल्या माणसानं दिली, तर मोखाड्याच्या मंगळूचं नाव सांगा. माझं नका सांगू. मी तर जव्हारला होतो.