लोटनच्या बापाची तहान

बसलात ना नीट, मंडळी? मागचे जरा पुढं सरका, इथं जागा आहे. मायबाईंनो, लेकरांना मांडीवर घ्या. आजच्या कीर्तनातली गोष्ट तशी भीतीची आहे, पण भुताखेताची म्हणून सांगत नाही. आधी एक प्रश्न विचारतो, मग गोष्टीला हात घालू.

एखाद्याला आपण काही दिलं, असं कधी म्हणायचं? आपल्या हातातून सुटलं तेव्हा? की त्याच्या घशाखाली उतरलं तेव्हा?

हे बघा, पुढं बसलेले शाळेचे मास्तर हसले. सोपा वाटला प्रश्न. लोटन पाटलालाही सोपाच वाटला होता.

तापीकाठचं गाव. नाव सांगत नाही. तिथल्या लेकी तुमच्या गावात दिलेल्या आहेत, उगाच सासरी बोलणी खातील. तिथं हा लोटन पाटील. पंचेचाळिशीचा, केळीची बाग, बोलायला तिखट. पण सकाळी मायच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही! असा माणूस चुकतो तेव्हा प्रेमापोटीच चुकतो, आणि तीच चूक जड जाते.

त्याचे वडील सुपडूअण्णा. तरणेपणी कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली – करंगळी आणि तिच्या शेजारची. उरला अंगठा आणि दोन बोटं. पण त्या तिघांत पाण्याचा तांब्या असा धरायचे, की बघणाऱ्याला वाटावं, देवानं माणसाला पाच दिली ती उधळपट्टीच केली.

गेल्या माघात अण्णांना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आली. खरंच होतं. गावनळाच्या पाइपाचा एक जोड गटाराजवळ फुटला होता, घाण आत शिरली. आठव्या दिवशी अण्णा गेले. पंधराव्या दिवशी जोड बदलला, टाकी धुतली, पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. कागद पंचायतीच्या भिंतीवर चिकटवला. पण लोटन म्हणाला, "ज्या नळानं माझा बाप नेला, त्याचं पाणी माझ्या उंबऱ्यात येणार नाही." त्याचं दुःख होतं हो ते. दुःखाला कागद वाचता येत नाही.

मग तो शहरातून बाटलीचं पाणी आणायला लागला. बंद, सीलवालं. आधी घरापुरतं, मग शेजारी म्हणाले आम्हालाही आण. टेम्पो भरून यायला लागला. लग्नाला बाटली, बारशाला बाटली, दहाव्याला आलेल्या पाहुण्याला बाटली. पाव्हणा दोन घोट घेणार, अर्धी तशीच सोडणार, दुसरी फोडणार. तुम्ही नाही हो, तुम्ही कुठं असं करता? मी त्या गावचं सांगतोय.

दोन महिन्यांत गावनळावरची बायकांची रांग मोडली. नळाच्या ओट्यावर एक कुत्री पिलं घालून निवांत झोपायला लागली. आणि रिकाम्या बाटल्या कुठं गेल्या? गावामागं एक कोरडा नाला आहे, त्यात. स्मशानाकडून गावात यायची वाट त्या नाल्यातूनच वर चढते. तेवढं ध्यानात असू द्या.

तर आली अखाजी. म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्ही खानदेशी लोक अखाजी म्हणतो. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची कोरी घागर भरायची. पाटावर ठेवायची, वर खरबूज ठेवायचं, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, या, पाणी प्या. वैशाखाच्या उन्हात चालून येतात बिचारे. लोटनच्या घरची रीत अशी, की सकाळी पाणी जिथवर असेल तिथं घागरीच्या आतून हळदीचं बोट लावायचं. दुपारी खरबूज उचलून बघायचं. पाणी बोटभर उतरलं, की समजायचं आले, प्याले, गेले. मग घरानं जेवायचं. आणि लोटनची माय, मथुराबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ती तोवर पाण्याचा थेंबसुद्धा घेत नसे.

नवऱ्यामागची तिची ही पहिली अखाजी.

कुंभारानं घागर आणून दिली. लोटनची बायको कोकिळा, ती घागर कमरेवर घेऊन नळाकडं निघाली. लोटन आडवा झाला.

"नळाचं नाही भरायचं."

"बरं, मग बाटलीतलं ओतते घागरीत."

"ओतायचं कशाला? उघडलं की हवा लागते, हात लागतो. सील तसंच राहू दे. माझ्या बापाला आता तरी शुद्ध पाणी मिळू दे."

आणि मंडळी, त्यानं काय केलं? घागर कोपऱ्यात पालथी घातली आणि पाटावर बारा सीलबंद बाटल्या मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, शेजारी खरबूज ठेवलं. डोळ्यांत पाणी आणून बापाचं नाव घेतलं. खोटं नव्हतं त्यात काही. शेजारणीनं बघितलं, तिला वाटलं हीच नवी रीत. दहा वाजेपर्यंत गावातल्या एकूण एक पाटावर बंद बाटल्या!

माय भिंतीला टेकून बसली होती. बाटल्यांकडं बोट करून म्हणाली, "लोटन, यांना झाकण उघडेल का रे? दोन बोटं नाहीत त्यांना."

"माय, गेलेल्या माणसाला बोटं लागत नाहीत."

"मग पाणी तरी कशाला लागतं?" माय म्हणाली.

लोटन बाहेर निघून गेला.

बारा वाजले. बाटल्या होत्या तशाच. एक वाजला. एक थेंब उतरेना – उतरणार कसा? सील केलेलं! कोकिळा पेला घेऊन सासूपुढं बसली. "आत्याबाई, एक घोट घ्या." माय नाही म्हणाली. ऊन असं, की कौलाखाली बसलेल्या माणसाचाही टाळू भाजावा. अडीच वाजता मायची जीभ जड झाली. ओठ चिरले. कोकिळेनं ओलं फडकं ओठांना लावलं, तर म्हातारीनं तोंड फिरवलं. पुटपुटली, "त्यांच्या आधी नाही. ते वाटेतच अडकलेत. मला ऐकू येतंय."

कोकिळेनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, आत्याबाई जातील हो अशानं."

लोटन उंबऱ्याशी आला आणि त्यालाही ऐकू आलं.

कट्. कर्र... कट्.

ऐका, मंडळी. बोलू नका कोणी. रिकामी बाटली मुठीत दाबली की होतो ना, तो आवाज. गावामागून, नाल्याकडून. एक झाली की थोडं थांबायचं. मग दुसरी. कुणीतरी एकेक उचलून बघतंय, दाबून बघतंय, आहे का काही आत, आणि नाही म्हणून ठेवून देतंय.

लोटन म्हणाला, शेळ्या असतील. निघाला हाकलायला. टळटळीत दुपार, पायाखालची माती तव्यासारखी तापलेली. वारा पडलेला. झाडावर कावळासुद्धा नाही. नाल्याच्या काठावर येऊन उभा राहिला. खाली नुसत्या बाटल्या, कमरेएवढा थर. शेळी नाही, कुत्रं नाही, माणूस नाही.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक बाटली आत दबली. कट्. मग तिच्या शेजारची. मग तिच्या शेजारची.

मास्तर म्हणतील, उन्हानं प्लास्टिक कडकडतं. लोटनही तेच म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कोणी नसताना माणूस मोठ्यानं बोलतो, तेव्हा काय समजायचं?

खाली उतरून त्यानं एक बाटली उचलली. उन्हात पडलेली वस्तू, हाताला भाजायला हवी. गार होती. आतून वाफ धरलेली, कुणी तोंड लावून श्वास सोडावा तशी. आणि बाहेरून दाबल्याच्या खुणा. एका अंगाला अंगठा. दुसऱ्या अंगाला दोन बोटं. पुढच्या दोन बोटांची जागा कोरी.

त्यानं दुसरी उचलली. अंगठा, दोन बोटं. तिसरी, तशीच. चौथी उचलली आणि त्याचा हात थांबला. हिच्यावर पाचही बोटं होती, पण इवली, भुईमुगाच्या शेंगेएवढी. चैत्रात गावातली एक दोन वर्षांची पोर तापानं गेली होती, तिला स्मशानात नेताना लोटननंच पुढं होऊन उचललं होतं.

मग त्याच्या पाठीशी कुणीतरी खाकरलं. अण्णा पाणी मागायच्या आधी खाकरायचे, तसं. लोटन वळला नाही. मला स्वतः सांगितलंय त्यानं. म्हणाला, "महाराज, बाप होता माझा, आणि मला वळून बघवलं नाही." हे सांगताना एवढा मोठा माणूस रडला.

तो पळत घरी आला. कोपऱ्यातली घागर उचलली आणि थेट गावनळावर. कुत्रीला बाजूला सारलं, तोटी पिळली. आधी फुसफुस, मग तांबडं, मग स्वच्छ धार. आता बघा हं! त्यानं घागर धारेखाली धरली नाही. आधी ओंजळ धरली. जे पाणी उंबऱ्यात नको म्हणाला होता, ते स्वतः प्याला. बापाला जे द्यायचं ते आधी आपल्या घशाखाली उतरू दे, मग त्याच्या. ओंजळ पिऊन झाली, तेव्हा घागर भरली.

पाटावरच्या बाटल्या हातानं लोटून दिल्या. घागर ठेवली. आतून हळदीचं बोट लावलं. नाव घेतलं. "अण्णा, या. चुकलो."

आता शिकलेली मंडळी म्हणतील, मातीची घागर पाझरतेच, त्यात पितर कुठं आले? अहो, मलाही ठाऊक आहे. पाझरते म्हणूनच मातीची घेतात. ज्याला झाकण उघडता येत नाही, त्यालाही पाणी लागावं म्हणून. ज्यांनी रीत घातली ते काय वेडे होते? पण पाझरायला दुपार जाते. इथं लोटन बघतोय आणि हळदीचं बोट कोरडं पडलं. पाणी बोटभर उतरलं. चार बोटं उतरलं. आवाज नाही, खाली ओल नाही. जपाची एक माळ ओढून होईतो घागरीचा तळ दिसायला लागला.

कोकिळा मायच्या मागं सरकली. मायनं डोळे उघडले. म्हणाली, "पुन्हा भर."

पुन्हा भरली. पुन्हा तळ. तिसऱ्यांदा भरली, तीही गेली.

"माय, अण्णांना इतकी तहान?"

"ते एकटे नाहीत आले रे. साऱ्या गावाचे आपल्याच दारात उभे आहेत. बाकीच्या घरी कुठं उघडं पाणी आहे त्यांना?"

लोटन त्या उन्हात अनवाणी दारोदार फिरला. ज्या तोंडानं नळाला नावं ठेवली होती, त्याच तोंडानं सांगत फिरला, "घागरी काढा, नळाचं भरा." काही हसले. पण नाल्याकडचा आवाज ज्यांना ऐकू येत होता, ते हसले नाहीत. मोडलेली रांग नळावर पुन्हा लागली. घरोघर पाटावर घागर गेली, तेव्हा कुठं लोटनच्या घरची चौथी घागर बोटभर उतरून थांबली. मायनं ओंजळ पुढं केली. लोटननं तिला पाणी पाजलं, घोटाघोटानं. वाचली म्हातारी.

आता तुम्हाला वाटलं, संपलं. देवाचं नाव घ्यायचं आणि घरी जायचं. नाही. मी त्या गावी गेलो होतो, तेव्हा लोटन मला त्याच्या केळीच्या बागेत घेऊन गेला. तिथं पत्र्याची शेड आहे, कुलूप लावलेली. नाल्यातल्या सगळ्या बाटल्या त्यानं एकट्यानं गोळा करून तिथं भरल्यात. भंगारवाला बघायला आला होता, दबलेल्या बाटल्या हातात घेऊन पाहिल्या आणि नको म्हणाला. मी म्हटलं, "लोटनभाऊ, नेऊन टाक की कुठं तरी."

तो म्हणाला, "कुठं टाकू, महाराज? जिथं टाकीन तिथं कुणाचे तरी पितर येणार."

पस्तीस वर्षं कीर्तन करतोय, दरवर्षी शेकडो लोकांना उत्तरं सांगतो. त्या शेडचं कुलूप मात्र मीच ओढून बघितलं, नीट लागलंय ना.

आपण म्हणतो, फेकली. म्हणजे काय केलं? हातातून सुटली, एवढंच. गेली कुठं? माणूस जातो, मंडळी. चार खांद्यांवरून जातो, राख होते, राखेचं पाणी होतं. ती बाटली जात नाही. तुम्ही जाल, मी जाईन. नातू-पणतू आपल्या नावानं घागर भरतील की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण आपण येऊ. वैशाखाच्या उन्हात, घसा सुकलेला, गावाबाहेरच्या नाल्यातून वर चढू आणि वाटेत पाण्यासारखं काही चमकलं म्हणून हात घालू. तेव्हा हाताला काय लागेल, सांगा? आज दुपारी दोन घोट पिऊन तुम्ही टाकलेली ती बाटली. तशीच असेल. झाकण लावलेलं असेल. आपण ती दाबून बघू.

उठा आता. हात जोडा आणि नाम घ्या. टाळकरी, जरा मोठ्यानं वाजवा. पंगत उठल्यावर मागच्या कनातीपलीकडं काय काय टाकलंय, ते मी येताना बघितलंय.