आबांच्या हातातली कुदळ

सांगली-आष्टा लोकलचं नाव काढलं की मला आता रागही येत नाही, नुसता थकवा येतो. परवा तिचं तिसरं भूमिपूजन झालं, पुन्हा त्याच शेतात. शेत शामराव आबांचं. जागा स्टेशनसाठी राखीव, म्हणून आबांना तिथं घर बांधायला परवानगी मिळत नाही. पोरगा फौजेतून रिटायर होऊन आलाय, बायकोपोरांसकट सगळे एका खोलीत.

पुढाऱ्यानं नारळ फोडला आणि जमीनमालकाचा मान म्हणून कुदळ आबांच्या हातात दिली. आबांनी घाव घातला. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, पण आबा काही थांबेनात.

"आबा, बास की आता!" पुढारी म्हणाला.

"तुमचं झालं न्हवं? मग तुमी निघा. मी घराचा पाया काढतूय."

रेल्वेचे साहेब धावत आले. "अहो, इथं फलाट येणार आहे!"

"येऊ द्या की सायब. गाडीची शिट्टी ऐकू आली की आमी उठतो."

अख्खा मांडव हसला. मी ऑफिसात येऊन आबांच्या अडलेल्या घराची बातमी लिहिली. सकाळी पेपर उघडला तर बातमी गायब. कुदळ उगारलेल्या आबांचा फोटो मात्र पहिल्या पानावर, आणि वर मथळा, 'लोकलच्या कामाला अखेर सुरुवात'.

तावातावानं जाऊन संपादकाशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "अहो, फोटोत खोदकाम दिसतंय ना?"