अळंबीला मिळालेले बाण

सासूबाई आज हितं बसून चहा पित्यात, म्हणून हे सांगायची हिंमत होतीय. मागच्या पावसाळ्यात त्यांनी पालीच्या रानातनं टोपलंभर अळंबी आणली. मला तिचा रंग वेगळा वाटला. म्हणून म्या मोबाईलवर, शेतकरी एकमेकांना प्रश्न विचारत्यात तिथं, पहिल्यांदाच फोटो टाकला आणि विचारलं, "ही खायची का?"

घटकाभरानं बघते तर प्रश्नाखाली तिथल्या लोकांनी दिलेले तीन बाण, तिन्ही वर तोंड केलेले. आमचे मालक म्हणाले, "तिघं व्हय म्हणत्यात. टाक कढईत."

सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि मोबाईल वाजला. तिथल्या एका जुन्या जाणत्या काकांनी लिहिलं होतं, "ताई, खाऊ नका! विषारी दिसतेय!"

बोटं घालून त्यांच्या तोंडातला घास काढला आणि जीपनं दवाखान्याकडं निघालो. वाटभर त्यांच्या तोंडाकडं बघत होते. जीपमधनंच काकांना लिहिलं, "अवो, मग तुम्ही लोकांनी बाण वर कशाला दिले?"

लगेच उत्तर आलं, "तुम्ही नवीन ना, ताई. नवख्याच्या प्रश्नाला खाली बाण द्यायचा नाही, वरच द्यायचा, असा आमचा शिरस्ता आहे."